उणे पंधरा कुणासाठी?

‘काका, नमस्कार. पन्हाळा-पावनखिंड, रांगणा, भुदरगड असं आमचं भटकणं कायम चालू असतं. गेल्या जानेवारीत एका ग्रुपबरोबर उत्तराखंडात केदारकंठला गेले होते. चालायला काही वाटलं नाही, पण रात्री हाल झाले. ग्रुपनं दिलेल्या स्लीपिंग बॅगेत पहाटेपर्यंत पाय गरम झाले नाहीत. खाली माझी योगा मॅट होती. या जानेवारीत आम्ही तिघं पुन्हा सांक्रीला, केदारकंठच्या पायथ्याच्या गावी, चाललोय. गाइड तिथलाच घेतलाय, पण तंबू नि बिछाना आमचा आम्ही पाठीवरून नेणार. डाऊनची, म्हणजे पक्ष्यांच्या मऊ पिसांची, बॅग घ्यायची ठरवलंय आणि तीन बाजूला काढल्यात. पहिली सगळ्यात स्वस्त, ऑनलाइन, वर मोठ्या अक्षरात उणे १५ लिहिलंय (लेबलचा फोटो पाठवतेय). दुसरी ८०० फिल पॉवरची, आत ४०० ग्रॅम डाऊन, कम्फर्ट शून्य. तिसरी ६५० फिल पॉवरची, आत ७०० ग्रॅम, कम्फर्ट उणे ५. शेवटच्या दोन्हींची किंमत जवळपास सारखीच. भाऊ म्हणतो, ८०० ती ८००. आई म्हणते, घोंगडं ने. आम्ही जैन, त्यामुळं पिसांची बॅग म्हटल्यावर आजी काय म्हणेल ते वेगळंच. तिला अजून सांगितलेलं नाही. कुठली घेऊ? आणि हीच बॅग दाजीपूर, गगनबावड्याला चालेल ना?
– गारठलेली, राजारामपुरी’

गारठलेल्या पोरी,

या तिघींतली घ्यायची तर तिसरी घे. पण आजीचा विषय पैसे भरायच्या आधी मिटव. त्यावर खाली लिहिलंय, ते वाचल्याशिवाय ऑर्डर टाकू नकोस.

पहिली बॅग आधी बाजूला करू. लेबलचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. त्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत तीन आकडे आहेत: कम्फर्ट ५, लिमिट ०, एक्स्ट्रीम उणे १५. विकणाऱ्यानं त्यातला सगळ्यात खालचा उचलला नि बॅगेच्या छातीवर छापला. हे आकडे एका ठरलेल्या चाचणीतून येतात. युरोपात तिला पूर्वी ईएन १३५३७ म्हणत, आता आयएसओ २३५३७ आहे. आतून तापवलेल्या, अंगभर सेन्सर असलेल्या पुतळ्याला पातळ कपडे घालून, मॅटवर, बॅगेत झोपवतात आणि थंड खोलीत त्याच्या अंगातून किती उष्णता बाहेर जाते ते मोजतात. त्यावरून हिशेब होतो. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण बाई अंग सैल सोडून रात्रभर झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंगाची मुटकुळी करून आठ तास काढेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे त्या बाईचा सहा तास गारठून जीव जाणार नाही, एवढीच हमी. बोटांना हिमदंश झाला तरी तो आकडा खोटा ठरत नाही. झोपेशी त्याचा संबंधच नाही.

म्हणजे तुझ्यासाठी ती उणे १५ ची नव्हे, अधिक ५ ची बॅग आहे. महाबळेश्वरच्या कडाक्याच्या रात्रीपुरती. जानेवारीत केदारकंठच्या कॅम्पवर पारा उणे ५ ते उणे १० च्या घरात असतो, कधी आणखी खाली. ज्या लेबलवर एकच आकडा असेल आणि तो कशाचा हे लिहिलेलं नसेल, ती बॅग कितीही स्वस्त असली तरी हातात धरू नकोस. भावानं स्वतःसाठी घेतली, तरी त्यालाही मी कम्फर्टचाच आकडा बघायला लावीन. ‘पुरुषांना लिमिट चालतं’ असं दुकानदार सांगतात खरं, पण दिवसभर बर्फात चालून अर्धपोटी झोपलेला पुरुष प्रयोगशाळेतल्या पुतळ्यासारखा वागत नाही.

आता ‘८०० ती ८००’ बद्दल. भावाचं चुकलंय, पण जवळजवळ सगळ्यांचंच इथं चुकतं.

डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छाती-पोटावरचा, पिसांखालचा मऊ लव असलेला थर. त्याला देठ नसतो. तो फुगतो, फुगल्यावर त्यात हवा अडकून राहते आणि ती न हलणारी हवाच तुला गरम ठेवते. डाऊन स्वतः काही तापत नाही. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम डाऊन नळकांड्यात ठरावीक वजनाखाली ठेवल्यावर किती घन इंच जागा व्यापतं, तो आकडा म्हणजे फिल पॉवर. पिंजाऱ्यानं नुकताच पिंजलेला कापूस आणि दहा वर्षं अंगाखाली दबलेल्या गादीतला कापूस वजनाला सारखाच भरला तरी फुगायला सारखा नसतो, तसं हे. ८०० चं डाऊन ६५० च्या डाऊनपेक्षा चांगलं, यात वाद नाही. पण फिल पॉवर हा मालाचा दर्जा झाला. माल किती भरलाय ते वेगळं विचारावं लागतं.

हिशेब करून बघ. दुसऱ्या बॅगेत ४०० ग्रॅम, म्हणजे सुमारे १४ औंस. गुणिले ८००, लिटरमध्ये काढलं तर साधारण १८५ लिटर फुगवटा. तिसरीत ७०० ग्रॅम, म्हणजे २५ औंसांच्या आतबाहेर. गुणिले ६५०, तर २६० लिटरच्या वर. कम्फर्टच्या आकड्यात पाच अंशांचा फरक कुठून आला ते कळलं ना? ८०० चा खरा फायदा वजनाचा आहे: तेवढीच ऊब कमी वजनात आणि लहान गुंडाळीत मिळते, नि त्याचे पैसे घेतात. ८०० चं पावणेसहाशे ग्रॅम भरलेली बॅग तिसरीएवढीच फुगेल, सव्वाशे-दीडशे ग्रॅम हलकी होईल आणि खिसा बराच हलका करेल. जमत असेल तर घे. पण ८०० चं ४०० ग्रॅम घेऊन उणे दहात जायचं, हे आकड्याच्या नादाला लागणं झालं.

‘९०/१०’ असंही लिहिलेलं दिसेल. म्हणजे ९० टक्के डाऊन, १० टक्के देठाची पिसं. फिल पॉवर माहीत असेल तर त्याचं फार मनावर घेऊ नकोस. बदक की हंस, हेही तसंच. हंसाचे पुंजके मोठे असतात म्हणून ८०० च्या वरचा माल बहुतेक हंसाचा असतो, पण ६५० ला ६५० दोन्हीकडं सारखंच. भरलेल्या डाऊनचं वजन ग्रॅममध्ये सांगत नाही त्या विक्रेत्याशी बोलणं थांबव. आणि ‘डाऊन फील’, ‘डाऊन अल्टरनेटिव्ह’ असं काही दिसलं तर आत पॉलिएस्टर आहे. पॉलिएस्टर वाईट नाही, पण त्याला डाऊनचे पैसे द्यायचे नाहीत. (डाऊनची टिंगल करणारे पूर्वीही होते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंचनं बलूनच्या कापडात आयडर बदकाचं डाऊन भरून कोट शिवून घेतला होता. सोबतचे ट्वीडचे कोटवाले त्याला हसले, वर थंडीत गेल्यावर हसायचे थांबले.)

आता मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं ते हे: ‘खाली माझी योगा मॅट होती.’

पोरी, ग्रुपच्या बॅगेला तू उगीच शिव्या घातल्यास. म्हणजे ती बॅग चांगली असेलच असं नाही, पण तू गारठलीस ती बहुतेक खालून. डाऊन फुगलेलं असेल तोवरच काम करतं. तू आडवी झालीस की पाठीखालचं, कमरेखालचं, टाचांखालचं सगळं डाऊन तुझ्याच वजनानं चपटं होतं, त्यातली हवा निघून जाते आणि तिथं दोन पातळ कापडांखेरीज काही उरत नाही. खाली बर्फ. तो रात्रभर तुझी उष्णता ओढत राहतो. तू दीड लाखाची बॅग आणली असतीस तरी त्या योगा मॅटवर तीच गत झाली असती.

मॅटची ऊब आर व्हॅल्यूत मोजतात. ती मोजायची एकच पद्धत २०१८ मध्ये ठरली आणि २०२० पासून बहुतेक कंपन्यांनी ती धरलीय, त्यामुळं आता दोन कंपन्यांच्या मॅटची तुलना करता येते. योगा मॅट एकच्या आतच संपते. ट्रेकिंगची चांगली घडीची फोम मॅट साधारण दोन. बर्फावर झोपायला पाचच्या आसपास हवं. सोय अशी, की आर व्हॅल्यूची सरळ बेरीज होते. खाली दोनची फोम, वर साडेतीनची फुगवायची मॅट, झाले साडेपाच. फोम खाली ठेवायची, म्हणजे फुगवायची मॅट खड्यांनी फुटायची भीती कमी. आणि मध्यरात्री फुटलीच, तरी अगदीच बर्फावर येत नाहीस. फुगवायची मॅट घेताना आत इन्सुलेशन आहे का ते बघ. आत नुसती हवा असलेली जाड मॅट दिसायला रुबाबदार, पण आतली हवा फिरत राहते आणि पाठ थंडच राहते.

तुझ्या बजेटमध्ये बॅग आणि मॅट दोन्ही बसत नसेल, तर मॅट चांगली घे आणि बॅग भाड्यानं घे. उलटं करू नकोस. डेहराडूनला आणि सांक्रीतही सामान भाड्यानं मिळतं. फक्त हातात घेतल्यावर बॅग उघडून दहा मिनिटं पसरून ठेव, फुगते का बघ, उजेडासमोर धरून कुठं कप्पे रिकामे पडलेत का बघ. भाड्याच्या बॅगेत कोण झोपून गेलं याचा विचार करवत नसेल तर स्वतःचं लाइनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायची पातळ खोळ, ने. लाइनरनं ऊबही थोडी वाढते, पण पाकिटावर लिहितात तेवढी नाही. खरं तर तिथं दर दोन-तीन वर्षांनी एकदाच जाणं होणार असेल तर विकत घ्यायच्या भानगडीत पडूच नये, असं माझं मत. पण तुझं लागोपाठ दुसरं वर्ष आहे. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरनं २०२२ मध्ये एव्हरेस्ट गाठलं, तेव्हापासून मला येणाऱ्या पत्रांत हिमालय वाढलाय आणि ती पत्रं लिहिणारी मंडळी एका फेरीवर थांबत नाहीत, हे मी बघतोय.

बॅगेच्या शिवणीबद्दल थोडक्यात. टाके आरपार मारलेले असतील तर प्रत्येक शिवणीवर डाऊन शून्य, तिथून गारवा आत येतो. उन्हाळी बॅगेला ते चालतं. तुला आतल्या नि बाहेरच्या कापडात जाळीची भिंत घालून कप्पे केलेली बॅग हवी. झिपच्या मागं डाऊन भरलेली लांब नळी हवी, गळ्याशी आवळता येणारी कॉलर हवी आणि टोपी हवी. पुण्याला वगैरे गेलीस तर दुकानात आत शिरून बघ. पाय सरळ केल्यावर डाऊन पायाच्या बोटांवर दाबलं जात असेल तर बॅग आखूड आहे. पायाशी वीतभराहून जास्त पोकळ राहत असेल तर लांब आहे, आणि ती पोकळी रात्रभर तुलाच तापवावी लागेल. बायकांसाठी बनवलेल्या बॅगा लांबीला कमी आणि पायाशी जास्त भरलेल्या असतात. तुझं पायांचं गाऱ्हाणं बघता तशी मिळाली तर उत्तम. डोळे मिटून, एका हातानं झिप उघडता-लावता येते का तेही तिथंच बघ.

कम्फर्ट उणे ५ आणि बाहेर उणे १०, मग मधल्या अंतराचं काय, असं विचारशील. ते अंगावरच्या कोरड्या थर्मलनं, टोपीनं, लाइनरनं आणि वर सांगितलेल्या मॅटनं भरून निघतं. ‘बॅगेत कमी कपडे घातले की जास्त गरम होतं’ असं सांगणारा एक तरी दादा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याचं ऐकू नकोस. कोरडे कपडे ऊब वाढवतातच. फक्त इतके कोंबायचे नाहीत की आतून डाऊन दाबलं जाईल. दिवसभर चाललेले मोजे मात्र झोपताना अंगावर नकोत. त्यात घाम मुरलेला असतो. झोपायचा लोकरी जोड वेगळा ठेव आणि तो दिवसा घालायचा नाही म्हणजे नाही. जेवून झोप. झोपण्यापूर्वी न गळणाऱ्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून, पायाशी ठेव. आणि लघवीला जायचं असेल तर जाऊन ये, थंडीला घाबरून तीन वाजेपर्यंत कुढत पडू नकोस.

तोंड बॅगेत घालून श्वास घ्यायचा नाही. हे सांगून कुणी ऐकत नाही, पण सांगतो. श्वासातली वाफ डाऊनमध्ये शिरते, गारठ्यात तिथंच गोठते, आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री बॅग पहिल्या रात्रीइतकी फुगत नाही. ओलं डाऊन गोळा होतं आणि ऊब धरत नाही, हा त्याचा एकच पण मोठा दोष. पाणी न धरणारं म्हणून प्रक्रिया केलेलं डाऊन मिळतं. त्यानं दमटपणात थोडा दम निघतो, भिजल्यावर नाही. तेव्हा सकाळी ऊन आलं की बॅग उलटी करून तंबूवर टाकायची, वाळली की मगच भरायची. सॅकमध्ये आधी जाड प्लास्टिकची पिशवी, त्यात बॅग.

दाजीपूर, गगनबावडा? नको. आपल्याकडच्या हिवाळ्यात या बॅगेत तू घामानं निथळशील. अगदीच वाटलं तर झिप पूर्ण उघडून पांघरुणासारखी घे. पण पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंडीला तर ती घरातून बाहेर काढायचीच नाही. इकडं कम्फर्ट १० ची साधी पॉलिएस्टरची बॅग भरपूर झाली. किंवा आईचं ऐक. घोंगडं थोडं भिजलं तरी ऊब देतं, जमिनीवर अंथरता येतं, चुलीशेजारी ठिणगी पडली तर नायलॉनसारखं वितळत नाही. दाजीपूरला गाडीतून नेता येतं. केदारकंठला दोन-अडीच किलोचं घोंगडं पाठीवर नेण्यात अर्थ नाही, एवढंच.

कोल्हापुरात डाऊनचा खरा शत्रू थंडी नव्हे, जून ते सप्टेंबर. सोबत येणाऱ्या छोट्या पिशवीत दाबून बॅग वर्षभर ठेवलीस तर पुढच्या जानेवारीत ती निम्मी फुगेल. मोठ्या सुती पिशवीत, जुन्या उशीच्या दोन अभ्र्यांना जोडून शिवलीस तरी चालेल, सैल सोडून ठेव. दिवाणाच्या खणात किंवा लोखंडी पेटीत नको, तिथं ओल धरते. डांबरगोळ्या नकोत, तो वास जन्मात जात नाही. पावसाळ्यात उघडीप मिळाली की पंख्याखाली पसर. ड्रायक्लीनला द्यायची नाही, त्यानं डाऊनवरचं नैसर्गिक तेल निघून जातं. धुवायची वेळ आली तर मार्च ते मे, त्याआधी-नंतर नाही. सौम्य साबण, टबात हातानं किंवा समोरून दार असलेल्या मशीनमध्ये. पिळायचं नाही. ओली बॅग एका टोकाला धरून उचलली तर आतले कप्पे फाटतात, म्हणून खाली दोन्ही हात घालून उचल. गच्चीवर सावलीत आडवी पसर आणि येता-जाता आतले गोळे बोटांनी मोकळे कर. वरून वाळलीय असं वाटल्यावरही दोन-तीन दिवस लागतात.

आता आजी.

डाऊन हे बहुतेक सगळं मांसासाठी पाळलेल्या बदक-हंसांचं असतं. सगळ्यात जास्त चीनमधून येतं, काही पूर्व युरोपातून. काही ठिकाणी जिवंत पक्ष्याच्या अंगावरून उपटून काढायचे. त्यावर ओरड झाली आणि २०१४ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’ नावाचा शिक्का आला. जिवंत उपटायचं नाही, नळीनं जबरदस्ती खायला घालायचं नाही, असे त्याचे नियम. डाऊन घेणार असशील तर हा शिक्का बघून घे. पण हा शिक्का आजीपुढं नाचवू नकोस. पक्षी मारलाच नाही, असं तो म्हणत नाही, आणि तू तसं सूचित केलंस तर ते आजीला फसवणं होईल. आइसलँडमध्ये आयडर बदकांच्या घरट्यांतून पक्ष्याला हात न लावता डाऊन गोळा करतात. आजीला कदाचित ते चालेल, पण तुझ्या पगाराला चालणार नाही. जुन्या रजया-उशांतलं काढून पुन्हा वापरलेलं डाऊनही मिळतं. ते तिला पटतं का, हे तिलाच विचार.

आणि तिला न सांगता आणून माळ्यावर लपवायचा विचार असेल, तर वर लिहिलेलं पुन्हा वाच: ही बॅग पावसाळ्यात पंख्याखाली पसरावी लागते. लपत नाही.

ती नको म्हणाली, तर कम्फर्ट उणे ५ चीच, पण पॉलिएस्टर भरलेली घे. झोप तेवढीच लागेल. भिजली तरी थोडीफार ऊब धरेल, धुवायला सोपी, किमतीलाही कमी. वजन दोन किलोच्या पुढं-मागं जाईल, सॅकमध्ये जागा जास्त खाईल आणि सतत दाबून-दाबून डाऊनपेक्षा लवकर बसेल. तिघं जाताय ना? मग तंबूचे खांब, खुंट्या नि स्टोव्ह त्या दोघांच्या सॅकमध्ये टाक. त्यांना सांग, काकांनी सांगितलंय.